पाऊणकी

रविवारसाठी मी वहीत आठ प्रश्न लिहून ठेवले होते.
बंदर कशाला म्हणतात? बेट म्हणजे काय?
रेवस कुठल्या तालुक्यात येतं?
उत्तरं मागच्या पानावर, पेन्सिलीने, बारीक.
सहल म्हणजे शाळाच, फक्त खिडकी मोठी,
असं आदल्या रात्री वृंदाला ऐकवलंसुद्धा.
ती दशम्या गुंडाळत म्हणाली,
चिकूचा जास्तीचा सदरा घे.

चेंबूरहून बस. मग माझगावातून पायी,
गोदामांच्या भिंतींना चिकटून, सावलीसावलीने.
भाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते
आणि समुद्र घरी नव्हता.

पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्या, बुळबुळीत.
काठच्या होड्या चिखलात कुशीवर कललेल्या,
दुपारच्या म्हशींसारख्या.
तिकिटाच्या खिडकीतून आवाज आला:
पलीकडे गाळ आहे. लाँच तीननंतर. तेही बघू.

तीननंतर गेलो तर परत कधी येणार?
मी वही उघडली. निदान पहिला प्रश्न तरी.
बंदर म्हणजे काय, शलाका?
जिथे थांबायला लागतं ते, ती म्हणाली.
मागच्या पानावर हे नव्हतं.

जाळ्याच्या ढिगावर बसलेला एक म्हातारा हसला.
नाव पोशा नाखवा. दात चारपाच,
बोटं मात्र अजून गाठी मारणारी.
पोरी, आज तिथ कुठली?
शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे.
अष्टमी.
मग कर पाऊणपट.

ती गप्प. नऊ वर्षांची, पाढ्यांची वैरीण,
सातच्या पाढ्यात रोज संध्याकाळी रडणारी.
मीही गप्प. माझ्या वडिलांना यायची पाऊणकी,
आमच्या वेळी पुस्तकातून ती गेली होती.
पोशा नाखव्याने दगडावर बोट आपटत सुरू केलं:
एक पाऊण पाऊण,
बे पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन,
चार पाऊण तीन.
आणि थांबला. पुढे शलाका, बोटांवर, ओठांतल्या ओठांत,
पाचला अडखळली, सहाला सावरली,
आठ पाऊण… सहा?

सहाला भरती. पुरी. ह्या पायरीपर्यंत.
म्हणून आता बाराला सगळा चिखल.
म्हाताऱ्याने पायरी दाखवली. तिथे शेवाळाची रेघ होती,
कुणीतरी पट्टीने आखल्यासारखी.

उद्या?
उद्या नवमी. कर की.
पावणेसात!
ती एवढ्या मोठ्याने ओरडली
की होडीवरचा बगळा उडाला.

दशम्या तिथेच खाल्ल्या. चिकू चिखलात घोट्यापर्यंत गेला,
खेकड्याची बिळं मोजत, अठरानंतर पुन्हा सातावर येत.
सदरा बदलला.
दोनच्या सुमाराला परत फिरलो.
रेवस राहिलं.
बसमध्ये मी प्रश्न पाहिले, आठच्या आठ कोरडे,
आणि वही पिशवीत, ओल्या सदऱ्याखाली ढकलली.

गुरुवारी रात्री जेवताना
शलाका उठली, उष्ट्या हाताने,
कॅलेंडरपाशी गेली. द्वादशी.
बारा पाऊण नऊ, असं पुटपुटत
तिने घड्याळाकडे पाहिलं.
आमचा टिळकनगरचा चौथा मजला,
खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी,
तिच्यात वाळत घातलेले टॉवेल.
या शहरात मी एक्केचाळीस वर्षं काढली,
ऑफिसची वेळ, दुधाची वेळ, पाण्याची सुद्धा,
म्हणजे नळाच्या.

आत्ता, ती म्हणाली, ती रेघ बुडली असेल.
आमटीचा डाव वृंदाच्या हातात तसाच.
कुणीच काही बोललं नाही,
जणू आवाज केला तर ऐकू येणार नाही.

रेवस कुठे असतं गं ताई? चिकूने विचारलं.
समोर. आपण अजून गेलो नाही.
आणि मग, तिथलं सगळं माहीत असल्यासारखी:
पण तिथेही आत्ताच भरलंय.